दोरीवरची फडकी

९ जानेवारी

चि. ठकीस,
ताईचे भरभरून आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पाय सुजलेत म्हणतेस, मग खुर्चीत बसून नवऱ्याला हुकूम सोडायचे सोडून कपाटं कसली आवरतेस? नववा लागलाय, जरा गप बस. मेली सदाची उपद्व्यापी!

तुझं बाळंतपणानंतरचं सामान बांधलंय. बाळाचं सगळेच करतात गं, बाळंतिणीचं कुणाच्या डोक्यातही येत नाही. पुढून उघडणारे चार गाऊन आहेत, खिशासकट. रबरी चादर, शेकायची पिशवी, टाक्यांवर कोमट पाणी सोडायला चोचीची बाटली, बसायला मधे भोक असलेली उशी. आणि साठ फडकी. जुन्या सुती चादरींची, चौपदरी, कडा दुमडून शिवलेली, उकळून कडक उन्हात वाळवलेली. तयार मिळतात हे मलाही ठाऊक आहे, माझी अक्कल काढू नकोस.

बाळंतपणाला येशील का म्हणून तिसऱ्यांदा विचारलंस. शाळांच्या स्नेहसंमेलनांचे कपडे शिवायचे दिवस आहेत, हाताखालच्या दोघींपैकी एक आजारी. दुकान टाकून कशी येऊ?

बाकी ठीक. दुपारी फडकी कापायला बसले की मागच्या मोरीत कुणीतरी कपडा पिळतंय असं वाटतं. उठून बघावं तर फरशी कोरडी ठणठणीत. वय झालं, कान वाजायला लागले, दुसरं काय!

जपून राहा, आणि या म्हातारीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई

१६ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अडतिसाव्या वर्षी म्हातारी म्हणवून घेतेस, कमाल आहे तुझी! खोकं मिळालं. हे म्हणाले की ताईंनी सगळ्या वॉर्डाची सोय केलेली दिसते. सासूबाईंनी तुझी शिवण उलटून पालटून पाहिली आणि मान डोलावली, म्हणजे पहिला नंबर समज.

पण फडकी सगळी पांढरीशुभ्र का गं? सासूबाईंनी माझ्यासाठी गडद तपकिरी चादरी काढून ठेवल्यात. डाग दिसत नाहीत, बाईमाणसाला अवघडल्यासारखं होत नाही, असं त्यांचं म्हणणं. मलाही पटलं. आमची दोरी अंगणात, सासरे तिथेच पेपर वाचत बसतात. तेव्हा तुझी हरकत नसेल तर ती साठच्या साठ फडकी मी गडद रंगात बुडवून घेते.

आणि गाऊन घोट्याच्या वीतभर वर राहतात, खांद्यातही दाटतात. माझं माप तुझ्या वहीत आहे ना? माझ्याहून बुटक्या कुणासाठी शिवलेस?

एक विचारायचं होतं. आईला तो ताप कसला आला होता? आत्या नुसतं ताप म्हणायची आणि विषय बदलायची. मी पाच दिवसांची होते, मला ती आठवण्याचा प्रश्नच नाही, तरी हल्ली सारखी आठवते. तू दहा वर्षांची होतीस. सांगशील?

रागावू नकोस आणि दुकानाला कुलूप लावून ये.

तुझीच,
ठकी

२१ जानेवारी

चि. ठकीस,
आशीर्वाद.

एकही फडकं रंगात बुडवायचं नाही. माझी शपथ आहे तुला.

गाऊन मापाची वही समोर ठेवून कापले होते. तुझं पत्र आल्यावर ज्यावरून कापले तो कागदी साचा काढून मोजला. तो आईच्या अंगाचा आहे. हात आपले आपण तिकडे गेले.

आईला ताप नव्हता. तिचं रक्त जात होतं. अठ्ठावीस वर्षं हे मी कुणालाही सांगितलेलं नाही.

बाबा कामावर, परगावी. घर आत्याच्या अंगावर, त्यात तू रडकी. आई म्हणाली, आत्या आधीच वैतागलीये, तिला आणखी त्रास नको, फडकी तूच धू. मला केवढा मोठेपणा वाटला! आत्याचा एक हिशेब होता. रोज सकाळी ती मागच्या दोरीकडे बघायची. फडकी कमी झाली की बाळंतीण सुधारतेय. आईला तो हिशेब माहीत होता. तिने मला सांगितलं, दोरीवर चारच वाळत घाल, बाकीची माळ्यावर. मी दुसऱ्या दिवशी चार घातली, तिसऱ्या दिवशी तीन, चौथ्या दिवशी दोन. माळ्यावर जागा उरली नव्हती. अंथरूण गडद लाल होतं, त्याच्यावर काही दिसायचं नाही. आत्याने मला विचारलंही की कमी आहे ना गं आता. मी हो म्हणाले. तिने माझ्या गालावरून हात फिरवला.

पाचव्या दिवशी दुपारी आई हाक मारल्यावर उठली नाही. आत्या माळ्यावर गेली आणि फडक्यांचा ढीग बघून खाली आली. मग तिनेच लोकांना ताप सांगितला. मला वाचवायला की स्वतःला, मी कधी विचारलं नाही.

मोरीतला आवाज कानांचा नाही. तुला दिवस गेल्याचं कळलं तेव्हापासून आई तिथे पाठमोरी बसून पिळते. तोंड काही वळवत नाही. तुझ्याकडे यायला दुकान आड येत नाही गं. ती माझ्या मागोमाग तुझ्या घरात येईल, ही भीती आड येते.

तू मला काय म्हणायचं ते म्हण. पण फडकी पांढरीच वापर, आणि प्रत्येक फडकं कुणालातरी दाखव. लाजू नकोस. हात जोडते.

ताई

८ फेब्रुवारी

चि. ठकीस,

जावईबापूंचं कार्ड आलं. चार तारखेला मुलगी, दोघी ठीक. त्या ठीकवर माझं पोट भरत नाही. तुझ्या हातची एक ओळ पाठव. शिव्या असल्या तरी चालतील.

ताई

१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा फाडायला घेतलं. मला आई पाचच दिवस मिळाली, आणि तेवढेही तुम्ही मायलेकींनी मिळून माळ्यावर लपवलेत. असं वाटलं, म्हणून लिहिलं नाही.

पाचव्या दिवशी दुपारी मला एकाएकी खूप रक्त जायला लागलं. हे कामावर होते. चार दिवस उभ्या असलेल्या सासूबाई नुकत्याच आडव्या झाल्या होत्या. पहिलं फडकं अर्ध्या तासात भिजलं, दुसरं त्याहून लवकर. आणि ताई, तुझं पत्र पाठ असूनही मी काय केलं असेल? त्यांना कशाला उठवायचं म्हणून दोन्ही कॉटखाली सरकवली. इतकं सहज केलं की माझं मलाच कळलं नाही. तिसरं घेतलं तेव्हा न्हाणीघरातून कपडा पिळल्याचा आवाज आला. आत कुणी नव्हतं. मुलगी माझ्याजवळ झोपलेली. आवाज थांबेना. कुणीतरी अगदी मायेने मला गप्प बसायला सांगतंय असं वाटत होतं, आणि बसावंसंही वाटत होतं. मग मी अशी किंचाळले की सासूबाई अनवाणी धावत आल्या. ती फडकी ओढून काढून त्यांच्यासमोर टाकली. पांढऱ्यावर सगळं एका नजरेत दिसलं. त्यांनी तशीच शेजारच्यांची गाडी बोलावली.

वारेचा तुकडा आत राहिला होता. चार दिवस दवाखान्यात काढले. आता बरी आहे. उभी राहिले की भोवळ येते, एवढंच.

राग गेलाय असं समजू नकोस. तुझ्यावर आहे, आत्यावर आहे, आईवर तर सगळ्यात जास्त आहे. पण दहा वर्षांच्या पोरीवर तो फार वेळ टिकत नाही, काय करू?

आणखी एक. सातव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, घरात कुणाला बाळंतपणात जास्त रक्त गेलं होतं का. मी ठासून नाही म्हणाले होते. परवा मी दवाखान्यातून माझा कागद मागून घेतला, ते ‘नाही’ खोडलं आणि लिहिलं, ‘आईला’. मग मुलीच्या लसींच्या वहीचं पहिलं पान उघडून त्यावरही लिहिलं. आजीला. आईला. ती वाचायला शिकेल तेव्हा हे तिला तिथे सापडेल, कुणाला विचारावं लागणार नाही.

तू ये. जी मागोमाग येईल तीही येऊ दे. तिच्याशी आता मला बोलायचंय.

आहे तशी मला सांभाळून घे.

तुझी,
ठकी