सहाव्या प्रकरणात बंद पडणारा कॉम्प्युटर

४ मार्च, मंगळवार

पुन्हा गेला! आवाज नाही, सूचना नाही, काही नाही. पडदा काळा, आणि त्यात माझाच चेहरा. आज तिसऱ्यांदा. सहाव्या प्रकरणाच्या दुसऱ्या ओळीवर होतो.

कंपनीच्या पन्नास वर्षांचा इतिहास मी लिहावा असं ठरलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चौतीस वर्षं सुरक्षा अधिकारी होते, कारखान्याचा खिळा न् खिळा यांना ठाऊक, असं मॅनेजर म्हणाले. अकरा प्रकरणं ठरली. पाच झरझर झाली. पायाभरणीचं तर अर्ध्या तासात. आणि आता हे यंत्र संपावर!

घाबरायचं कारण नाही. अपघात झाला की आधी नोंद, मग पाहणी, मग दोषी ठरवायचा. आयुष्यभर हेच केलं. उद्यापासून रजिस्टर.

५ मार्च

रजिस्टर घातलं. रकाने असे — तारीख, वेळ, खोलीचं तापमान, काय टाइप करत होतो, संशयित. शिवाय सुरू करण्याआधीची रोजची तपासणी, नऊ कलमी. प्लग, स्विच, वायर, यूपीएसचा दिवा, हवा खेळती आहे का वगैरे. नऊही कलमांपुढे टिक केली. सीपीयू टेबलाखाली आहे, गेल्या महिन्यात मी खास करून घेतलेल्या लाकडी कपाटात. गुडघ्यांमुळे खाली वाकवत नाही, म्हणून बटणापुरतं दाराला भोक ठेवलंय, ते पायाच्या अंगठ्याने दाबतो. पण कपाट मीच करून घेतलेलं, त्यात रोज काय बघायचं?

खाली सही केली. ही म्हणाली, "घरातल्या घरात सही कुणासाठी?" पद्धत म्हणजे काय हे या बाईला पस्तीस वर्षांत समजलेलं नाही.

६ मार्च

मेहुणा आला. याला आम्ही सर्वज्ञ म्हणतो. त्याला ते कौतुक वाटतं. बूट काढता काढताच निदान — "भाऊजी, व्हायरस. शंभर टक्के."

मी म्हटलं, बघ तरी आधी. म्हणाला, बघायचं काय, लक्षणं सांगतायत ना. मग अर्धा तास खुर्चीत ठिय्या. एक व्हायरस मारणारा प्रोग्राम घातला. तो नीट चालतोय का हे बघायला दुसरा घातला. आता दोघे एकमेकांनाच व्हायरस समजतायत. कॉम्प्युटर सुरू व्हायला पूर्वी एक मिनिट लागायचं, आता तो सुरू होईपर्यंत माझी अंघोळ होते.

जाताना म्हणाला, "आता चालवा बिनधास्त." चालवला. पाऊण-एक तासाने गेला. सहावं प्रकरण, दुसरी ओळ.

७ मार्च

दोनदा. तापमान २७. नऊ टिक. संशयित: मेहुणा.

१० मार्च

पुस्तक जुळवायचं काम टाइम ऑफिसमधल्या बाईंकडे आहे. त्यांचा फोन आला. "काका, सहावं प्रकरण तेवढं अडलंय. पुढची मागाहून दिलीत तरी चालतील." मी कॉम्प्युटरची सगळी कर्मकहाणी सांगितली. शांतपणे ऐकून घेतली. मग म्हणाल्या, "बाबांना मी एकेक प्रकरण वाचून दाखवते. डोळे गेलेत त्यांचे. ते सहाव्याचीच वाट बघतायत."

त्यांचे बाबा म्हणजे आमचे बॉयलरवाले. सहावं प्रकरण बॉयलरच्या अपघाताचं आहे. सव्वीस वर्षं झाली. सेफ्टी व्हॉल्व्ह अडकला, वाफ कोंडली, बॉयलर फुटला. दोघे भाजले, त्यातले एक ते स्वतः. चौकशी झाली, ऑपरेटरचा निष्काळजीपणा असा निष्कर्ष निघाला, आणि हॉस्पिटलमधून बाहेर पडले ते बडतर्फीचा कागद घेऊनच. पुढे गावात कुणी त्यांना यंत्राजवळ उभं केलं नाही. कंपनीने इतिहासात काय लिहिलंय हे त्यांना मरायच्या आधी ऐकायचंय. एवढंच.

विषय नाजूक आहे. नीट लिहायला हवा. कॉम्प्युटर धड चालला तर लिहिणार ना!

११ मार्च

यूपीएस बदलून पाहिला. प्लग दुसऱ्या बोर्डात घातला. हिच्या मिक्सरवर संशय होता, म्हणून सकाळभर मिक्सर बंद ठेवायला लावला. तरी गेला. दुपारी जेवणात चटणी नव्हती. कारण विचारलं नाही, सांगण्यात आलं.

मुलीचा फोन — "बाबा, बंद करून चालू केलात का?" म्हटलं, बंद तो स्वतःच होतो, माझ्याकडे फक्त चालू करण्याचं काम उरलंय.

१३ मार्च

रजिस्टर फळाला आलं. आत्तापर्यंत चौदा वेळा बंद पडला. चौदाच्या चौदा वेळा सहावं प्रकरण! मधे तपासणी म्हणून कँटीनचं प्रकरण लिहून काढलं, सातवं. चांगलं झालंय, त्यात चहाच्या कपांची भांडणं आहेत. अर्ध्या तासात संपलं, कॉम्प्युटर जागचा हलला नाही. सहावं उघडलं की तासाभरात अंधार.

म्हणजे दोष फाइलमध्ये. नवी फाइल केली. गेला. अक्षर बदललं. गेला. प्रकरणाला सहा हा आकडाच दिला नाही, 'पाच-अ' म्हटलं. तरी गेला. सर्वज्ञाला कळवलं तर म्हणतो, "बघा, व्हायरस किती हुशार असतो." आता दोघेही मूर्खपणा करतोय हे मला कळतं, पण तो वयाने लहान आहे.

लिहिलेलं उडतं का, असं हिने विचारलं. उडतं, पण फार नाही. त्या दोनच ओळी आहेत. 'त्या सकाळी बॉयलर ऑपरेटरच्या निष्काळजीपणामुळे' — इथवर. पुढे काही लिहिलं की खोडतो, पुन्हा लिहितो, पुन्हा खोडतो. मग कॉम्प्युटर जातो. खरं सांगायचं तर जातो तेव्हा बरं वाटतं. वहीत तरी खरं लिहावं.

१५ मार्च

बाईंना निरोप पाठवला: कॉम्प्युटर दुरुस्तीला, प्रकरण लांबणार. उत्तर आलं, "चालेल काका. बाबांनी सव्वीस वर्षं वाट पाहिलीय." चिडून लिहिलं असतं तर सोपं गेलं असतं.

१७ मार्च

ही कंटाळून स्वतःच दुरुस्तीवाल्या बाईंना घेऊन आली. पन्नाशीच्या, चष्मा दोरीला लटकलेला, हातात कापडी पिशवी. मी रजिस्टर पुढे केलं. चार पानं वाचली त्यांनी, हसल्या नाहीत, याबद्दल आभार. मग विचारलं, "सीपीयू कुठे ठेवलाय?"

"खाली. कपाटात."

बाई जमिनीवर बसल्या. कपाटाचं दार उघडलं आणि हात मागे घेतला. "साहेब, हात लावून बघा." मी गुडघे सांभाळत वाकलो, महिन्याभरात पहिल्यांदा. कढई तापावी तसा डबा तापलेला. कपाटाला मागे हवेसाठी भोकं होती, ती चिकटपट्टीने बंद. डब्याच्या जाळीवरही चिकटपट्टी, व्यवस्थित, कोपरे कापून लावलेली.

"ही पट्टी कुणी लावली?"

धूळ आत जाऊ नये म्हणून, असं मी म्हणालो. लावणारा कोण ते हिने सांगितलं.

"आपण कुठल्या खात्यात होता?"

तेही हिनेच सांगितलं.

बाईंनी रजिस्टर पुन्हा उघडलं. 'हवा खेळती आहे का' — रोज टिक, रोज सही. पिशवीतून ब्रश काढला, पंखा साफ केला, पट्ट्या ओढून काढल्या. म्हणाल्या, "याच्यात बिघाड काही नाही. फार तापला की जळून जाऊ नये म्हणून आपणहून बंद होतो, तशी सोय असते आत. बंद कपाटात पाऊण-एक तासात तेवढा तापत असेल."

"पण मग सहाव्याच प्रकरणाला का?"

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. ही भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "बाकीची अर्ध्या तासात उरकता तुम्ही. त्या एकालाच तास-तास नुसते बसता."

बाईंनी कपाट बाहेर काढून व्हरांड्यात ठेवायला सांगितलं. त्यात आता कांदे-बटाटे राहतील.

१८ मार्च

सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, कॉम्प्युटर सलग चालू. एकदाही गेला नाही. रजिस्टरमध्ये लिहायला काही नाही. प्रकरणातही नाही.

१९ मार्च

सर्वज्ञ येऊन गेला. "म्हणजे माझे दोन्ही प्रोग्राम लागू पडले!" मी हो म्हटलं. भांडायची ताकद नव्हती.

२१ मार्च

लिहिलं. सकाळी बसलो आणि जेवणाआधी संपवलं.

आपणहून बंद होण्याची सोय आत असते, असं त्या बाई म्हणाल्या तेव्हापासून डोक्यातून जात नव्हतं. बॉयलरलाही तशीच सोय असते, दाब फार वाढला की आपणहून उघडून वाफ सोडणारी. तिचंच नाव सेफ्टी व्हॉल्व्ह. तो महिन्यातून एकदा वर चढून, हाताने उचलून बघायचा असतो. अपघाताच्या आठ दिवस आधीच्या तपासणीत त्याच्यापुढे टिक आहे. टिक माझी, सही माझी. मी वर चढलो नव्हतो. तेव्हाच्या मोठ्या साहेबांचा निरोप समारंभ होता, अंगात नवा पांढरा शर्ट होता, आणि गेल्या महिन्यात व्हॉल्व्ह ठीक होता. वर गेलो असतो तर तो अडकलाय हे दोन मिनिटांत कळलं असतं.

नंतरच्या चौकशी समितीत मीही होतो. 'तपासणी नियमित होत होती' या वाक्यावर सगळ्यांनी माना हलवल्या, मीही हलवली. निष्काळजीपणा कुणाचा हे ठरायला मग वेळ लागला नाही.

हे सगळं लिहिलं आहे, माझ्या हुद्द्यासकट. बाकीचा तपशील समितीच्या अहवालातून उतरवून घेतला. मला लाज वाटते. मॅनेजर छापतील का, लोक काय म्हणतील, याची भीतीही वाटते. हिला वाचायला दिलं. पुरं वाचलं, चष्मा काढला. मग म्हणाली, "पस्तीस वर्षं एका घरात राहतो आपण." एवढंच. मग, "पाठवा."

पाठवलं.

२२ मार्च

फोन नाही.

२३ मार्च

फोन नाही. कॉम्प्युटर उत्तम चालतो आहे.

२४ मार्च, सोमवार

बाईंचा फोन आला. बाबांनी प्रकरण दोनदा वाचून घेतलं. एक दुरुस्ती सांगितली आहे. 'ऑपरेटरचा जबाब नोंदवण्यात आला' हे वाक्य काढायचं. अहवालात होतं म्हणून मी तसंच उतरवलं होतं. त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर त्यांनी तेव्हाच सांगितलं असतं, की तपासणीच्या दिवशी शिडी त्यांनीच आणून लावली होती, आणि तास झाला तरी सेफ्टीचे साहेब, म्हणजे मी, आलो नाही म्हणून त्यांनीच ती परत नेली.

बाकी सगळं बरोबर आहे म्हणाले.