कळंबचे भावी फॅमिली डॉक्टर

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. पुढे आठवणी लिहायच्या झाल्या तर कच्चा माल हाताशी हवा.
निर्णय पक्का. रेडिओलॉजी सोडली. पीजीचा रँक बघता रेडिओलॉजीनंच तुला सोडलं, असं काका म्हणतात. काका विमा विकतात. मी फॅमिली डॉक्टर होणार, आणि तेही स्वखुशीनं.
कळंबला डॉ. संध्या पेठे एकतीस वर्षं दवाखाना चालवतायत. शिकायला येऊ का, असं विचारलं. म्हणाल्या, तीन महिने या, मग बघू. 'मग बघू' म्हणजे दवाखाना माझ्याकडे. आईनं विचारलं, असं म्हणाल्या का त्या? मी म्हटलं, अशा गोष्टी कोणी तोंडानं बोलत नाही.

४ नोव्हेंबर
घरून, म्हणजे दहिवलीहून, कळंब बाइकनं चाळीस मिनिटं. मॅडमच्या खोलीबाहेर बाकावर वीस-पंचवीस माणसं. मला बाजूची खोली मिळाली. आधी तिथे सलाइनचे खोके होते. अजूनही आहेत, पण एका भिंतीला.
वनिताताई म्हणजे दवाखान्याच्या मदतनीस. केस पेपर काढतात, ड्रेसिंग करतात, कोणाला आधी आत सोडायचं ते ठरवतात.
निरीक्षण: मॅडम फार वेळ घालवतात. गुडघा दुखतो म्हणून आलेल्या बाईला त्यांनी विचारलं, सून परत आली का? बाई रडली, मग गुडघा दाखवला. सिस्टिम अशी नाहीच. आणावी लागेल.

७ नोव्हेंबर
सिस्टिम आणली. हिस्टरीचा फॉर्म, अकरा पानं. पत्ता, आहार, व्यसनं, आजोबांचे आजार, सगळं. याच्या बाहेर आजार राहूच शकत नाही.
आज माझ्याकडे तीन पेशंट. पहिला चौथ्या पानावर उठून गेला. दुसरीला एसटी आली. तिसरा केबल दुरुस्त करायला आला होता, पण फॉर्म पूर्ण भरला. तब्येत उत्तम.

१२ नोव्हेंबर
चार दिवस कोणी नाही. वनिताताई विचारतात, नव्या डॉक्टरांकडे जाता का? लोक म्हणतात, बसतो आम्ही, बाईंकडेच जाऊ. आदर. नव्या ज्ञानाला माणूस सुरुवातीला दबतोच.
संकल्प: उद्यापासून पेशंटकडे बघून हसायचं. आरशात सराव केला. आईनं विचारलं, दात दुखतोय का?

१८ नोव्हेंबर. दुपारी
पहिला खरा पेशंट. लडकूकाका म्हसे, वय अडुसष्ट, पलीकडच्या गावचे, शेती. तासभर चालत आले आणि थेट माझ्या खोलीत. मुद्दाम मलाच निवडलं. वनिताताई म्हणतात, मॅडमकडे गर्दी होती.
तक्रार त्यांच्याच शब्दांत: "चाललं का दम लागतो. पाय सुजतात. आडवं व्हता येत नाय, टेकून बसाया लागतं."
हार्ट फेल्युअर. पुस्तकात असंच लिहिलंय, जवळजवळ याच क्रमानं. छाती तपासली, साफ. पाय बघितले, सूज नाही. सूज येऊन-जाऊन असणार. ईसीजी काढला, रक्त नेरळच्या लॅबला पाठवलं. अकराही पानं भरली. काका मधेच काही सांगत होते, म्हशीचं वगैरे. मी म्हटलं, काका, मुद्द्याचं बोला.
मॅडमना अजून सांगायचं नाही. पूर्ण केस एकदम प्रेझेंट करायची.

२१ नोव्हेंबर
सगळे रिपोर्ट नॉर्मल. आजार सुरुवातीच्या अवस्थेत पकडला, असा याचा अर्थ.
अंगातलं पाणी कमी करायची गोळी दिली, अर्धी, सकाळी. काकांनी दोनदा विचारलं, जेवणाआधी का नंतर, आणि कागदावर लिहून घेतलं. किती जागरूक पेशंट.

२५ नोव्हेंबर
यश. लडकूकाका म्हणाले, "बराच फरक हाय. काल उठून भाकऱ्या केल्या." या वयात स्वतः भाकऱ्या करतात. आजच्या पुरुषांनी शिकावं असं.
मी म्हटलं, दमानं घ्या, सगळी कामं एकट्यानं करू नका. ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. भारावले असावेत.

२ डिसेंबर, मंगळवार
काळजीचं कारण. आज काका म्हणाले, "हात सुजलं. बांगड्या कापून काढाव्या लागल्या." हातात बांगड्या नव्हत्या, वळही नव्हता. गोंधळल्यासारखं बोलतायत. मेंदूला रक्त कमी पडतंय का? स्मरणशक्तीची टेस्ट घेतली. तारीख विचारली. त्यांनी तारीख सांगितली, तिथी सांगितली, दोन्ही मुली कोणत्या साली झाल्या ते सांगितलं. पैकीच्या पैकी मार्क. गुंतागुंतीची केस आहे.
मोठ्या डॉक्टरांना दाखवा म्हटलं तर म्हणाले, "हास्पिटलात जायाला तयार नाय. म्हस कोण पिळंल म्हनते." 'म्हनते' हे बोलीचं असावं.
शुक्रवारी केस प्रेझेंट करणार. स्लाइड चौदा झाल्या.

५ डिसेंबर
मॅडमना वेळ नव्हता. मंगळवारी करू म्हणाल्या.

८ डिसेंबर, सोमवार. संध्याकाळी ५
जे झालं ते क्रमानं लिहितो.
सकाळी साडेनऊला लडकूकाका कोणाच्या तरी बाइकवरून आले. बाकाला वळसा घालून थेट माझ्या खोलीत. म्हणाले, "लय दम लागलाय, डाक्टर. बोलवत नाय." मी त्यांना बसवलं, स्टेथोस्कोप लावला. ते हात बाजूला सारायला लागले. मी म्हटलं, काका, बोलू नका, श्वास घ्या.
वनिताताई दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "काका, कोणाला दम लागलाय?"
"आवडीला," काका म्हणाले. "घरी बसलीय. पडवत नाय तिला."
आवडीकाकू म्हणजे त्यांची बायको.
फॉर्ममध्ये हा प्रश्न नाही. अकरा पानांत कुठेच नाही.
मॅडम हातातलं इंजेक्शन पूर्ण करून उठल्या. बाकावरच्या लोकांना म्हणाल्या, दुपारी या. एकानंही कुरकुर केली नाही. त्यांच्या गाडीतून गेलो. काकू भाताच्या पोत्यांना टेकून बसल्या होत्या, ओठ काळसर, पाय हंड्यासारखे. मॅडमनी तिथेच इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला, आणि म्हणाल्या, "आवडे, चल." काकू म्हशीकडे बघायला लागल्या. मॅडम म्हणाल्या, शेजारणीला सांगितलंय. काकू उठल्या.
कर्जतच्या हॉस्पिटलपर्यंत मी मागच्या सीटवर त्यांना सरळ धरून बसलो. त्यांनी माझं मनगट घट्ट पकडलं होतं. काका पुढे बसून दर दोन मिनिटांनी मागे बघत होते.
दुपारपर्यंत दम उतरला. वाचल्या.
नोंद असावी म्हणून लिहितो: माझं निदान शंभर टक्के बरोबर होतं. पेशंट तेवढा चुकला.

९ डिसेंबर
केस प्रेझेंट केली. चौदा स्लाइड लागल्या नाहीत. मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, तो तीन आठवडे तुझ्याकडे येत होता, तुला कधी वाटलं नाही का, हा माणूस चार मैल चालतो आणि याला दम कसा लागत नाही? मी म्हटलं, वाटलं होतं, पण मला तो त्याचा चिवटपणा वाटला.
काकांना मी बोलू का दिलं नाही, हेही विचारलं.
दवाखान्याचं पुढे काय, हे मीच काढलं. मॅडम म्हणाल्या, कसलं पुढे? मी कुठे चाललेय? लेकीच्या बाळंतपणाला वीस दिवस जाणार होते, तेवढ्यापुरतं कोणी मिळतं का बघत होते.
उद्यापासून मी खोलीत बसायचं नाही. बाहेर बाकावर, पेशंटबरोबर. बोलायचं नाही, लिहायचं नाही. ऐकायचं.
फील्ड रिसर्च. परदेशात यासाठी फेलोशिप देतात.

१५ डिसेंबर
बाकावरचा सहावा दिवस. ऐकलेलं घरी येऊन लिहितो. एका माणसाची डायबेटिसची गोळी महिन्यापासून बंद आहे. बाईंना सांगू नका म्हणाला. एकीला चक्कर येते, कारण ती सकाळी काही खात नाही, कारण सहाच्या आत घरच्यांचे डबे करायचे असतात. हे सगळं ते दारात पोचेपर्यंत विसरतात, मग आत जाऊन म्हणतात, अंग दुखतं.
माझ्या खोलीत पुन्हा खोके ठेवलेत.

२३ डिसेंबर, मंगळवार. दुपारी
आवडीकाकू डिस्चार्जनंतर पहिल्यांदा दाखवायला आल्या. पाय उतरलेत. लडकूकाका औषधं आणायला गेले, काकू माझ्याशेजारी बाकावर बसल्या. मला ओळखलं नाही. त्या दिवशी त्यांचं लक्ष श्वासाकडे होतं.
थोड्या वेळानं विचारलं, "तुला काय व्हतंय रं?"
मी सांगणार होतो की मी डॉक्टर आहे. त्याऐवजी म्हणालो, झोप लागत नाही. मग म्हणालो, जेवण जात नाही. मग बरंच बोललो. घरी पाहुणे आले की मी मागच्या दारानं निघतो, बरोबरचे मित्र फोन करतात ते मी उचलत नाही, एका बाईचा जीव माझ्यामुळे जाता जाता राहिला. कोणती बाई, ते नाही सांगितलं. पंधरा मिनिटं तरी बोललो असेन. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी विचारलं, "आज काय खाल्लंस?" मी म्हटलं, चहा.
तेवढ्यात वनिताताईंनी त्यांचं नाव पुकारलं. काकू उठल्या नाहीत. म्हणाल्या, "मी बसते. आधी या लेकराला घ्या, याला लय तरास हाय."
बाकावरची सगळी माझ्याकडे बघायला लागली. वनिताताईंनी आत बघितलं. आतून मॅडम म्हणाल्या, येऊ दे.
गेलो. मॅडमनी पेशंटची खुर्ची दाखवली. बसलो.