प्रश्न सतरा, प्रश्न अठरा

३ मार्च, सोमवार

तब्येत विचारायची नाही! दार उघडलं की नमस्कार, कागदावर छापलेलं एक वाक्य, लगेच प्रश्न पहिला. प्राध्यापकबाईंनी शिकवणीच्या दिवशी हे तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा माझ्याकडे बघून.

अडतीस वर्षं मी या गल्लीच्या कपड्यांना इस्त्री केली. कुणाच्या कॉलरला आतून ठिगळ आहे तेसुद्धा मला ठाऊक. त्याच दारात उभं राहून एकदम 'आपलं वय किती' कसं विचारू? जीभच वळेना. मग विचारलंच — आजोबा, गुडघा काय म्हणतोय? सूनबाईंचा खोकला बसला का? धाकटीचा दात पडला की अजून लोंबतोय? आणि आजींना ऐकू यायला लागलं का त्या नव्या यंत्राने? सगळ्यांची विचारपूस झाल्यावर फॉर्म काढला. तीन घरं झाली. बाईंना काय कळणार!

काम तसं सोपं. विद्यापीठाचं संशोधन आहे — वेगळ्या वंशाच्या, वेगळ्या तोंडवळ्याच्या लोकांबद्दल माणसांच्या मनात काय असतं. खरे प्रश्न दोनच, बाकी सगळी भरताड. सतरावा : शेजारी नदीपारचं कुटुंब राहायला आलं तर? अठरावा : डोंगरापलीकडचं आलं तर? उत्तरं चार — आनंदाने, चालेल, नाइलाजाने, नको.

मी नदीपारची. नाक सांगतं, बोलण्यातला हेल सांगतो. लपत नाही, मी लपवतही नाही.

शिकवणीच्या दिवशी आधी आमचेच फॉर्म भरून घेतले. प्रत्येकाला एकेकटं बसवून. मग पाकिटं चिकटवून कपाटात. कशाला, कोण जाणे. डोळ्यांत औषध घालायची वेळ झाली होती, मी भराभर खुणा केल्या आणि सुटले. माझ्या बाकावर डोंगरापलीकडची एक नर्स होती, सुटीच्या दिवशी हे काम करणारी. तिच्या केसांना कसल्या तेलाचा उग्र वास! मी खिडकीकडे सरकून बसले.

६ मार्च, गुरुवार

आज घड्याळजींचं दुकान. फॉर्म नंबर चौदा. सतरावा प्रश्न वाचला तर डोळ्यावरचं भिंग काढून माझ्याकडे बघतच राहिले.

"मावशी, हे काय विचारणं झालं? आनंदाने लिही. दोनदा लिही!"

"एकदाच लिहायचं असतं."

"मग ठळक लिही."

फॉर्म मिटल्यावर हळूच विषय काढला. जावयाची बदली इकडे होतेय. दुकानावरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. लेक, जावई, नात — तिघांना पुरतील. माझी मागची खोली म्हणजे इस्त्रीच्या टेबलाएवढी, तिथे एक माणूस मावेल फार तर.

"बघू की," म्हणाले. "घरचंच काम आहे."

घरी येऊन लेकीला फोन. जागा झाली समज!

लेक म्हणते, "आई, तुझ्या गल्लीचं तू फार कौतुक करतेस हं." करणार! नात माझ्या दारासमोर वाढावी एवढंच आता उरलंय मनात.

१० मार्च, सोमवार

आज सात फॉर्म. सातही 'आनंदाने'. गल्ली कसली, मखमल आहे मखमल.

१४ मार्च, शुक्रवार

बाईंनी बोलावलं. खोलीत सगळीकडे गठ्ठे, बसायला खुर्ची मोकळी करावी लागली.

"मावशी, तुमचे एकेचाळीस फॉर्म. एकेचाळीस 'आनंदाने'."

"मग चांगलंच आहे की!"

"इतकं चांगलं कुठेच नसतं."

त्यांनी म्हणे त्यांच्या उंच कारकुनाला — आम्ही त्याला उंच्याच म्हणतो; तो इथलाच, नाकीडोळी इथलाच — माझ्या फॉर्मांतल्या आठ जणांकडे परत पाठवलं होतं. तेच प्रश्न. पाच 'नको'. दोन 'नाइलाजाने'. एक 'चालेल'.

कागदावर नावं नव्हती, नुसते नंबर. पण नंबर टाकणारा हात माझाच ना! चौदा — नको.

"तुम्ही समोर असता म्हणून ते असं बोलतात," बाई म्हणाल्या. "त्यात आधी गुडघ्याची चौकशी. कोण कशाला तोंडावर नाही म्हणेल?"

म्हणजे मी माणुसकीने वागले तो माझा गुन्हा! तो उंच्या खांबासारखा उभा राहून विचारत असेल, लोकांनी वैतागून कुठेही खूण केली असेल. हे मी बाईंना सांगितलं. आवाज चढला माझा. त्या शांत. त्या शांत राहिल्या की मला अजून चीड येते.

जिन्यात ती नर्स भेटली. म्हणते, "माझ्या फॉर्मवर कुणाला शंका नाही, मावशी. मला दारच उघडत नाहीत." हसली नाही. सहा महिने दवाखान्याच्या विश्रांतीच्या खोलीत झोपते, एकटीला खोली शोधतेय. मी म्हटलं, मिळेल गं कुठेतरी.

१५ मार्च, शनिवार

डोकं भणभणतंय. फॉर्म बाद करतील. करू देत. पण चौदा?

१७ मार्च, सोमवार

गेले दुकानात. भिंतीवर वीस घड्याळं, वीस वेगवेगळ्या वेळा. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले —

"मावशी, खोलीचं जरा अडलं गं. भाचा येतोय राहायला."

भाचा! यांच्या घरचे कपडे अडतीस वर्षं माझ्या हाताखालून गेले. लग्नातले, बारशातले, सुतकातलेसुद्धा. यांना बहीण नाही, बायकोला भाऊ नाही, तर भाचा कुठून आला?

मी म्हटलं, "बरं." दुसरं काय म्हणणार?

मग हाताला धरून बसवलं. चहा मागवला. माझ्या मनगटावरचं घड्याळ न विचारता उघडून साफ करायला घेतलं. मान खाली घालून म्हणाले, "तुझं वेगळं आहे. तू काय त्यांच्यातली थोडीच!"

हे त्यांनी प्रेमाने म्हटलं. तेच तर! शिवी दिली असती तर उठून आले असते. चहा प्यायले.

लेकीला अजून कळवलेलं नाही. काय सांगू? मखमल फाटली?

२० मार्च, गुरुवार

शेवटचा दिवस. बाईंची नवीच टूम — आता आम्हीच एकमेकांच्या मुलाखती घ्यायच्या. माझ्या वाट्याला नर्स. नियम मोडून तिची तब्येत विचारली. उभं राहून पाय सुजतात म्हणाली. मी म्हटलं, कोमट पाण्यात मीठ टाकून पाय सोड.

मग ती छापलेलं वाचत गेली. अठरावा आला.

"आनंदाने!" मी म्हटलं. "विचारायचं काय त्यात, बाई!"

तिने माझ्याकडे एकदा बघितलं. लिहून घेतलं.

निघताना बाईंनी प्रत्येकाला शिकवणीच्या दिवशीचं आपापलं पाकीट दिलं. म्हणाल्या, फॉर्म कुणाचेच बाद नाहीत. घरी जाऊन बघा, मग ठेवा नाहीतर फाडा. मी चिडून पिशवीत कोंबलं.

२२ मार्च, शनिवार

पाकीट उघडलं. अठरा — नको. इतकी दाबून केलेली खूण की कागद पलीकडून फुगलाय. हात माझाच.

दवाखान्याच्या दारावर नर्ससाठी चिठ्ठी ठेवून आले : "परवाचं माझं उत्तर खोटं होतं. खरं पाकिटात आहे, येशील तेव्हा दाखवते. माझी मागची खोली लहान आहे, पण दार वेगळं आहे. इस्त्रीचं टेबल मी हलवलंय. तरी यावंसं वाटलं तर ये. नाही म्हणायचं असलं तर तोंडावर म्हण. पण लवकर कळव."