मॅनिफोल्डला पाडलेलं भोक

राहनाळ, भिवंडी, शुक्रवार संध्याकाळ, फेब्रुवारी २००६

परवा ट्रकच्या मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनाचा धूर गोळा करणाऱ्या नळीला, भोक पाडलं. धुराची उष्णता दाखवणारं मीटर बसवायचं, तर त्याची सळई तिथंच घालावी लागते. दादा ओरडलाच, "चांगल्या गाडीला भोक? लोखंडाचा कीस टर्बोत जाऊन त्याची पाती तुटली तं काय करशील?" म्हणून तर मॅनिफोल्ड खाली उतरवून पाडलं. भोक झकास झालंय, कुठं गळती न्हाय.

गेल्या उन्हाळ्यात कसारा घाटात धूर बेसुमार तापून पिस्टन वितळला, तेव्हा स्टिअरिंगवर दादा होता. त्यावर तो कधी बोलत न्हाय. पण तेव्हापासून घाट आला की गाडी माझ्या हातात देतो. आज मुद्दाम त्यालाच बसवलं. गाडी भरलेली. कसाऱ्याच्या चढावर मीटरचा काटा लाल पट्ट्याकडे सरकायला लागला. सांगू का त्याला? नको. काटा त्यालाही दिसतोय ना! तेवढ्यात त्यानं पाय सैल केला, गिअर उतरवला. काटा मागं आला. अजून तो काटाच डोळ्यांसमोर हाय.

नाशिकला माल उतरवल्यावर मी चावी मागितली. दादा म्हणाला, "ऱ्हाऊ दे. परतीचा घाट पन मीच घेतो. तू झोप."

आणि मी खरंच झोपलो, पार भिवंडीपर्यंत.