मोघम गाऱ्हाणं

२ मार्च

पोचले एकदाची! चाकणच्या कंपन्या मागे पडल्या, डांबर संपलं, आणि समोर धरणाचा फुगवटा. मधोमध आमचं बेट. बेट कसलं, बुडालेल्या गावाच्या टेकडीचा माथा तेवढा पाण्यावर राहिलाय. चिखलीत बाबांच्या वर्कशॉपच्या वर राहून लेथच्या आवाजात झोपायची सवय लागलेली, त्यामुळे इथली शांतता आधी कानाला टोचली. मग नदीसुरय पक्षी उठले आणि शांतता कुठल्या कुठे गेली. पांढरं अंग, काळी टोपी, पिवळी चोच, आणि आवाज भांडखोर बायकांना लाजवील असा. मला लगेच आवडले.

काम सोपं आहे. सुरय उघड्या जमिनीवर अंडी घालतात आणि बेटावरची मांजरं ती खातात. मांजरं रावेतकडच्या सोसायट्यांतली. मांजर पाण्यापलीकडे सोडलं की माघारी येत नाही म्हणतात, म्हणून गेल्या उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर लोकांनी पोत्यात भरून इथे आणून सोडली. आता ती पिंजऱ्यात पकडायची आणि पिल्लं उडेपर्यंत राखण करायची. यंदा पिल्लं उडाली नाहीत तर सुरय हे बेट सोडतील, असं झिशान सर म्हणाले. पक्षी वाचवणाऱ्या आमच्या संस्थेत ते माझे साहेब. म्हटलं, सर, एकही पिल्लू जाऊ देणार नाही.

मी तंबूत राहते. होडीवाला गोरक्षभाऊ काठावरून सकाळ-संध्याकाळ येतो, डबाही त्याच्याच घरचा. कंपनीतलं कंत्राट संपल्यावर तो या कामाला लागला. आज पहिल्याच दिवशी त्याने भुर्जी आणली. अंडी गावठी, बारकी असत्यात पर चव बगा ताई, म्हणाला. बोटं चाटून खाल्ली.

९ मार्च

पिंजऱ्यात सुकट लावते, मांजरं ढुंकून बघत नाहीत. त्यांना ताजं मिळतंय ना! घरटी रोज कमी होतायत. दुपारी उन्हात सुरयीण पोट ओलं करून येते आणि अंड्यांवर उभी राहून सावली धरते. संध्याकाळी जाऊन बघावं तर खळगा रिकामा, टरफलसुद्धा नाही. मांजर टरफलासकट खातं का, हे सरांना विचारायला हवं.

भुर्जी आजही होती. भाऊ मोठा प्रेमळ आहे, दुसऱ्यांदा वाढल्याशिवाय सोडत नाही.

१८ मार्च

आज मंगळवार. होडीतून ठकुबाई आली. बुडालेल्या गावातली आता तीच एक काठावर उरलीय. बेटाच्या टोकाला शेंदूर फासलेला दगड आहे, ती पाखरीआई. ठकुबाई म्हणाली, ही पाखरं आईच्या माहेरवाशिणी, बाळंतपणाला येत्यात. मी हसले. वाईट हेतूने नाही, पण हसले खरी.

हसू फार टिकलं नाही. दगडाच्या मागेच कालपर्यंत धडधाकट असलेली पिल्लं पडली होती. अर्धी. त्यांची आई वरून घिरट्या घालत होती, खाली उतरत होती, त्या अर्ध्या पिल्लांवर सावली धरत होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली. रडत रडत तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. ठकुबाई म्हणाली, आईला गाऱ्हाणं घाल. पर नाव घिऊन घाल. मांजराचं तर मांजराचं नाव घे, मोघम घालू नगंस. आईला शबुद कळतो, मनातलं न्हाई कळत.

पण मला मांजर हा शब्द पुरेसा वाटेना. खाणारं जे कुणी असेल, ते एकजात सगळं हवं होतं. दगडावर पाणी ओतलं आणि ओरडले, ज्याच्या ज्याच्या पोटात ह्या पाखरांची लेकरं गेली, त्याच्या पोटातनं ती वसूल कर! एकालाही सोडू नको!

ठकुबाईने कपाळाला हात लावला. गोरक्षभाऊ वल्हं धरून उभा होता, त्याचा चेहरा उतरला. म्हटलं, एवढा कसला हळवा?

१९ मार्च

डब्यात नुसती डाळ-भाकरी. भुर्जी का नाही विचारलं तर म्हणाला, कोंबड्या अंडी देईनात.

२७ मार्च

मांजरं मेली. सगळी, दगडापाशी, ओळीने. पोटं उघडी. खाल्लेलं काही नाही. कुणीतरी पिशवी उलटी करून वस्तू शोधावी तसं. आणि सुरय आपापल्या अंड्यांवर, चोची धुतल्यासारख्या पिवळ्या.

वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. दिवसभर गुणगुणत होते. जशास तसं झालं. झिशान सर फोनवर चिडले, मासे खाणारा पक्षी असलं काही करत नाही, तिथे कोण आलं होतं म्हणून उलटतपासणी केली. म्हटलं, सर, टिटवीसुद्धा समुद्र आटवते. तुम्ही फक्त बघत राहा.

४ एप्रिल

आज ठकुबाईच होडी वल्हवत डबा घेऊन आली. भाऊ आजारी. पोटात दुखतंय. पिंपरीच्या दवाखान्यात नेलं, सोनोग्राफी केली, काही सापडलं नाही. डॉक्टरांनी गॅसच्या गोळ्या दिल्या. तो म्हणतो, पोटात चिवचिव करतंय.

ठकुबाईने डबा माझ्यापुढे ठेवला. मग विचारलं, पोरी, तू त्याच्या हातचं काय काय खाल्लंस?

मी सांगितलं. ती उठली, होडीत बसली आणि गेली.

६ एप्रिल

काही नाही. मनाचे खेळ. गावठी अंडी बारकीच असतात.

रिकाम्या खळग्यांत टरफलं एकदाही दिसली नाहीत. मांजरांनी खाल्ली असती तर—

७ एप्रिल, दुपार

गोरक्षभाऊ आला. होडी बांधली नाही, ती वाहून गेली, त्याने वळून पाहिलं नाही. घरट्यांमधून चालत गेला. एकही सुरय ओरडला नाही. वाट देत होते.

दगडापाशी बसला आणि रडत म्हणाला, ताई, ती अंडी हितलीच व्हती. आमी ल्हानपणापासनं खातो. तुमाला चांगलंचुंगलं खाऊ घालावं म्हनलं, दुसरं काय न्हाई वो मनात.

मी त्याच्या अंगावर धावले. चांडाळा म्हणाले. मरेनास का म्हणाले.

तो उताणा झोपला. सदरा वर केला. मग सुरय उतरले आणि सगळं पांढरं झालं.

तो ओरडला नाही. मी ओरडले.

७ एप्रिल

संध्याकाळी सरांचा फोन लागला. पोलिस घेऊन निघालोय, काठावरून होडीने येतो म्हणाले. चाकण चौकात ट्रॅफिक आहे. तासभर तरी.

पोट दुखतंय. भीतीने. भीतीनेच.

दगडावर पुन्हा पाणी ओतून आले. नाव घेऊन सांगितलं. आई, गोरक्षने केलं, गोरक्षने चारलं, मला माहीत नव्हतं. मी तर राखणीला आलेय. मी तुझ्या बाजूची—

मनातलं न्हाई कळत.

माझेच शब्द. ज्याच्या ज्याच्या. एकालाही.

आता

तंबूभोवती बसलेत. सगळे. तोंडं इकडे. एकही ओरडत नाही.

होडीचं इंजिन ऐकू येतंय. लांब आहे. येतील. येतीलच—

एका सुरयिणीने साद घातली. हळू. पिल्लाला घालते तशी.

मी तोंड घट्ट मिटून घेतलंय, दोन्ही हातांनी पोट धरलंय, तरी आतून कुणीतरी तिला ओ दे