चोवीस आक्षेप आणि सहा फेऱ्या

दि. १४ ऑक्टोबर, मंगळवार, सकाळी अकरा
तुझ्याच घरातून

चि. चिमीस,

अनेक आशीर्वाद. माझी प्रकृती ठीक आहे. इथल्या थंडीत गुडघा कुरकुरतो, पण ती त्याची जुनीच खोड. एकाच घरात राहून मुलीला पत्र लिहिण्याची पाळी आपल्यावर येईल, असे मला कधी वाटले नव्हते. परंतु तोंडाने बोलू लागलो तर माझा आवाज चढेल आणि वरच्या मजल्यावरची ती बाई पुन्हा जमिनीवर काठी आपटेल. तेव्हा वस्तुस्थिती क्रमाने नोंदवतो.

मी गुरुवारी पोहोचलो. शुक्रवार ते रविवार तू मला शहर दाखवलेस. काल, सोमवारी, पहाटे पाच वाजता "प्रयोगशाळेत लवकर जायचं असतं, आप्पा" असे सांगून तू बाहेर पडलीस. दहा वाजता मी दिवसभराचा पास काढून कोपऱ्यावरच्या थांब्यावरून ट्राममध्ये चढलो. दहा वाजून वीस मिनिटांनी ट्राम थांबली, कारण कोणा महाभागाने आपली मोटार रुळांवर उभी केली होती. दहा वाजून एकवीस मिनिटांनी चालकाच्या काचेमागून अस्सल मराठीत शब्द आले: "अरे बाबा, हलव की ते धूड! सासुरवाडीला आलायस का?"

मी मान वाकडी करून आरशात पाहिले. राखाडी गणवेश, आणि केस तुझी आई बांधते तसे वर बांधलेले.

वस्तुस्थिती एवढीच. आता माझे म्हणणे.

शहर कसे वाटले, असे तू रोज विचारतेस. ऐक. इथे दुकानातली विशीतली पोरगी मला माझ्या नावाने हाक मारते, जणू आम्ही एका वर्गात होतो. माणसे रस्त्याने चालता चालता जेवतात. बसून खाण्याएवढाही त्यांना अन्नाचा आदर नाही. सख्ख्या भावाकडे जायचे तरी चार दिवस आधी वेळ ठरवतात. आणि सर्वांत कळस म्हणजे ट्राममधून उतरताना जो तो पुढच्या दाराशी जाऊन चालकाचे आभार मानतो. म्हातारे, शाळकरी मुले, टाय बांधलेले साहेब, सगळे! पगार घेऊन स्वतःचे काम करणाऱ्याचे कसले आभार? मी पस्तीस वर्षे यंत्रशास्त्र शिकवले. तास संपल्यावर एकाही विद्यार्थ्याने माझे आभार मानले नाहीत. मानले असते तर याला गुण वाढवून हवेत, असेच मी समजलो असतो.

शेवटच्या थांब्यावर मी मागच्या दाराने उतरलो.

इथे थांबता आले असते. पण अर्धवट निरीक्षणावर मत देणे मला मान्य नाही. तू गाडीच्या दुसऱ्या टोकाच्या केबिनमध्ये जाऊन बसेपर्यंत मी खांबाआड उभा राहिलो आणि पुन्हा मागून चढलो. तुझी पाळी संपेपर्यंत अशा सहा फेऱ्या केल्या. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, भर दुपारी, भुरट्या चोरासारख्या! उभ्या प्रवाशाचा तोल जाऊ नये अशा बेताने वेग कमी कसा करावा, हे मी फळ्यावर तीन समीकरणांत सांगत असे. माझ्या हातात उघड्या पेल्यात चहा होता. सहा फेऱ्यांत तो गार झाला. सांडला मात्र नाही. पाचव्या फेरीत एकदा ब्रेक किंचित उशिरा लागला. तो दोष मी ओल्या रुळांच्या नावे टाकतो.

दुसऱ्या फेरीत शेजारी एक आजीबाई बसल्या होत्या. आमचे बोलणे मोडक्या इंग्रजीत झाले. (मोडके त्यांचे, माझे नव्हे.)

"नवीन दिसता. फिरायला आलात?"

"मुलीकडे आलोय."

"अरे वा! काय करते मुलगी?"

मी म्हणालो, "संशोधन."

समोर, दहा पावलांवर, काचेपलीकडे तू होतीस. आजीबाई तुझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ही पोरगी असली ना, की मी काठी घरी ठेवून येते. धक्काच बसत नाही." ते वाक्य मी इथे लिहितो आहे, कारण ते तुझ्यापर्यंत पोहोचवणारा दुसरा कोणी नाही.

संध्याकाळी जेवताना मी तुला संधी दिली होती.

"प्रयोग कसा झाला?"

"चाललंय, आप्पा. भाजी घ्या ना अजून."

मी भाजी घेतली.

आज तू गेल्यावर मी तुझ्या आईला फोन लावला. "तुला हे माहीत होतं?"

"तीन वर्षं झाली की."

"आणि मला?"

"तुम्हाला सांगायचं म्हणजे तोंडी परीक्षाच! पोरीनं एकदा धीर करून विचारलं होतं तुम्हाला. काय उत्तर पाठवलंत, आठवतंय?"

मी फोन ठेवला. आठवत होते. तू लिहिले होतेस, "आप्पा, हे माझ्याच्यानं होत नाही. सोडून देऊ का?" सोबत प्रबंधाचा आराखडा होता. मी आराखड्यावर चार पाने लिहिली, चोवीस आक्षेप, क्रमांक घालून. आज बसून ते एकेक आठवून तपासले. एकही चुकीचा नव्हता. तुझ्या प्रश्नाचे उत्तर तेवढे त्यात कुठेच नव्हते. त्यानंतर तू मला काही विचारलेच नाहीस, आणि तुझे सारे काही सुरळीत चालले आहे, अशी मी समजूत करून घेतली.

तरीही सांगतो, तुझे खोटे मी माफ केलेले नाही. या शहरातल्या शाळकरी पोरांना तू कोण ते ठाऊक, आणि बापाला ठाऊक नाही! संताप संताप होतो. तुझा होतो, तुझ्या आईचा होतो, आणि तिसऱ्या एका माणसाचा होतो, ज्याच्याशी मला आता उरलेले आयुष्य काढायचे आहे.

तीन वर्षे उशिरा का होईना, उत्तर देतो. सोडलेस ते ठीक केलेस.

शनिवारी मी निघेन. घरी पोहोचताच शेजारचे भूगोलाचे सर दार ठोठावतील आणि तुझे कसे चालले आहे, ते विचारतील. "संशोधन" हा शब्द मी यापुढे उच्चारणार नाही. पण तुझ्या कामाविषयी माझ्या मनाने बोलण्याचाही मला अधिकार उरलेला नाही. म्हणून तू काय करतेस, कशी करतेस आणि ते तुला का आवडते (आवडते, हे मी सहा वेळा पाहिले आहे), हे तुझ्या हाताने, तुझ्या शब्दांत लिहून दे. मी ते सरांना वाचून दाखवीन, एकही अक्षर न बदलता.

शुक्रवार संध्याकाळपर्यंत. तोंडी उत्तर स्वीकारले जाणार नाही.

तुझा,
आप्पा