पिवळ्या किनारीच्या गोगलगाईसंबंधी व इतर व्यवस्था

मी, खाली सही करणारा, बंदर कचेरीतून निवृत्त झालेला टंकलेखक, हे मृत्युपत्र स्वतः टाइप करून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. माझ्या पत्नीला तर याची कल्पनाच नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर माझ्या नोकरीच्या कमाईतून बांधलेले आहे. ते माझ्या पश्चात पत्नीचे. तिने ते विकावे, भाड्याने द्यावे किंवा सगळ्या खोल्या तिच्या नमुन्यांच्या बरण्यांनी भराव्यात, तिला पूर्ण मुभा आहे. तिच्यानंतर ते मुलाचे.

२. बँकेतील ठेव पत्नीला. मुलाने नाराज होऊ नये. तो कमावता आहे. फोन केला की तो आधी आईला मागतो, तसेच इथेही समजावे.

३. टाइपरायटर सुनेला द्यावा. त्याला भंगार न म्हणणारी ती एकटीच.

४. थोरल्या मेहुण्यांना माझी कसलीही वस्तू देऊ नये. आमची मुलगी चिंगी गेली त्या आठवड्यात ते मला म्हणाले होते, "मुलगा आहे ना अजून, मन घट्ट करा." ते चांगल्या हेतूने बोलले असतील. तरी देऊ नये.

५. आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

माझ्या पत्नीने कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवले आणि सुट्टीतली प्रत्येक ओहोटी प्रवाळाच्या उथळ पाण्यात काढली. तिथे कवच नसलेल्या समुद्री गोगलगाई सापडतात. त्या नखाएवढ्या असतात, पण रंग असे की खोटे वाटावेत. स्पिरिटमध्ये घातल्या की रंग उतरतो, म्हणून त्या जिवंत असतानाच रंग लिहून घ्यावे लागतात. ती भिंगातून बघून सांगायची आणि मी टाइप करायचो.

"पाठ निळी. काळे पट्टे तीन. किनार पिवळी."

"पिवळी म्हणजे कशी?"

"अहो, पिवळी म्हणजे पिवळी. तुमच्या दातांसारखी."

अशी निळी गोगलगाय जाणकारांना पूर्वीपासून माहीत होती, पण तिची किनार केशरी असते. पिवळ्या किनारीची कोणी नोंदवलेली नव्हती. पत्नीने ती नवी जात म्हणून प्रसिद्ध केली. नव्या जातीला स्वतःचे नाव देण्याची रीत नाही, दुसऱ्याचे देता येते. तिने चिंगीचे दिले, मागे लॅटिन शेपूट लावून. चिंगी लहानपणीच तापाने गेली होती. तेव्हापासून आमच्या घरात तिचे नाव कोणी मोठ्याने घेत नसे. ते छापून आल्यावर पत्नी घेऊ लागली. फोनवर, पाहुण्यांसमोर, सहज.

संग्रहालयातल्या एका तज्ज्ञांना आमच्या घरी 'चष्मा' म्हणतात. त्यांना ही जात मान्य नव्हती. भर सभेत ते म्हणाले, "बाई, ही पोरं आहेत. मोठी होऊ द्या, किनार बदलेल." त्यांना आमच्या घरचे काही ठाऊक नव्हते. पत्नी उठून बाहेर आली आणि त्यांच्याशी पुन्हा कधी बोलली नाही. मीही त्यांना ओळख देणे सोडले. त्यांचे म्हणणे खरे की खोटे हे कोणी तपासलेले नव्हते, कारण ही गोगलगाय खडकावर वाढणारा एकाच प्रकारचा स्पंज खाते आणि घरी आणली की मरते.

६. यंदा पत्नीच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. वाकणे बंद, भिंग बंद. तिला बरे वाटावे म्हणून मी पिवळ्या किनारीच्या तीन लहान गोगलगाई स्पंजासकट आणून मागच्या शेडमध्ये टबात ठेवल्या. रोज समुद्राचे ताजे पाणी घातले. दोन मेल्या. तिसरी खाऊ लागली आणि वाढू लागली. ती वाढते आहे हे पाहून मला आनंद झाला, तो लपवत नाही. मग एका सकाळी तिची किनार केशरी दिसू लागली. मी खिडकी उघडून पाहिले, दिव्याखाली पाहिले, फोटो काढून पाहिले. केशरीच होती.

पत्नीने विचारले, "तिसरीचं काय?"

मी म्हणालो, "गेली."

"जाऊ द्या. तुम्ही फार केलंत तिचं."



टब उलटा करून मोकळे व्हावे असेही मनात आले. केला नाही, तो शास्त्रासाठी नव्हे. जिला इतके दिवस खाऊ घातले तिला मारवेना.

७. सबब, माझ्या पश्चात ती गोगलगाय, जिवंत असल्यास जिवंत, नसल्यास स्पिरिटमध्ये, सर्व फोटोंसह 'चष्मा' यांना द्यावी. मला ते आवडत नाहीत, पण ते खोटे लिहिणार नाहीत. त्यानंतर चिंगीचे नाव पुसले जाणार नाही, पण केशरी किनारीच्या जातीच्या जुन्या नावाखाली बारीक अक्षरात जाईल आणि कोणी वापरणार नाही. मी त्या आणल्याच नसत्या तर हे झाले नसते. पत्नीने मला क्षमा करावी. तोंडावर सांगण्याचे धैर्य माझ्यात नाही.

हाताने घातलेली भर :

साक्षीसाठी कोपऱ्यावरचे घड्याळदुरुस्तीवाले आणि शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, पण बाईंनी वाचला.

"म्हणजे काका, तुम्ही मरून मोकळे. मग काकूंनी भांडायचं कुणाशी?"

मी सहीसाठी पेन उघडले, ते बाईंनी काढून घेतले.

"आधी सांगून या. आम्ही बसतो इथे. सही काय पळून जाते?"

मी स्वयंपाकघरात जाऊन सांगितले. पत्नीने गॅस बंद केला आणि ती ओट्याला धरून उभी राहिली.

"खोटं बोललात."

"हो."

"तिच्यावरून. माझ्याशी."

"हो."

मग तिने विचारले, "केशरी कुठून चढली? डोक्याकडून की शेपटीकडून?"

"शेपटीकडून. डोक्यापाशी थोडी पिवळी आहे अजून."

ती चपला घालून शेडकडे निघाली. डॉक्टरांनी वाकू नका म्हणून सांगितले आहे, याची मी आठवण करून दिली. "मग टब वर उचला," ती म्हणाली, "आणि चष्म्याला मीच कळवते. त्याला तुमच्या मरणाची वाट कशाला बघायला लावायची?"

सबब कलम ७ रद्द समजावे. बाकी सर्व कायम.

मी टब तिच्या डोळ्यांपर्यंत उचलून धरला होता. पाणी हलू नये म्हणून हात घट्ट ठेवले होते. तिने एक डोळा मिटून बघितले, पुन्हा बघितले. शेवटी इतकेच म्हणाली, "केवढी मोठी झाली हो."

भर माझ्याच हातची आहे. ती दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवली आणि त्यांच्यादेखत सही केली.

सही : निवृत्त टंकलेखक

साक्षीदार :
१. सही : दंतवैद्य, शेजारचे घर
२. सही : घड्याळ दुरुस्त करणारे, कोपऱ्यावरचे दुकान

स्थळ : राहते घर, मागची शेड
दिनांक : नऊ मार्च, रविवार